गाईच्या घासाआडची गोळी

आमच्या ह्यांनी मला फसवलं. ब्लडप्रेशरची गोळी रोज गुपचूप घेत राहिले आणि मला भासवत राहिले की गोळी सोडली, आता नुसत्या सोयाबीनवर आहे. ते खरं मानून त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं, आमच्या आक्कांनी, आपली गोळी बंद केली. आज आक्कांचा डावा हात मांडीवर पडून असतो आणि त्यांना भाकरी थापता येत नाही. फसवलं कुणी आणि भोगलं कुणी हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्या तोंडाकडं बोट दाखवायला नको. माझं तोंड चालतं हे सगळ्या विंझरला माहीत आहे. पण ह्या प्रकरणात खोटेपणा केला तो कधी न चालणाऱ्या तोंडानं.

विंझरला रस्त्याच्या कडेला आमची पिठाची गिरण आहे. ती मला कुणी आंदण दिली नाही. आधी मी डोक्यावर पाटी घेऊन वेल्ह्याच्या बाजाराला अंडी आणि कोंबड्या विकल्या, मग तांदूळ, मग नाचणी, आणि मग एक जुनी गिरण अशा माणसाकडून घेतली जो ती भंगारात घालायला निघाला होता. तो म्हणाला, "बाई, ही चालायची न्हाई." मी म्हणाले, "मग भंगाराच्याच भावात द्या." गिरण अजून चालते. मशीन हे बघतात, गिऱ्हाईक मी बघते. मी चिडले की दळणाला आलेल्या बाया एकमेकींना हळूच सांगतात, "काकूंचा पट्टा सुटला गं." गिरणीचा पट्टा सुटला की फाडकन आवाज होतो, आणि जवळ उभं असणाऱ्यानं मागं सरायचं असतं. मला हे त्यांनीच ऐकवलेलं आहे, तोंडावर.

घासाघीस मी लहानपणी शिकले, आणि तीही मिठावरच. माझं माहेर वेल्ह्याच्या पलीकडं, डोंगराच्या कडेची वाडी. दिवाळी झाली की मढे घाट चढून कोकणातल्या बाया सुकी मासळी आणि मीठ घेऊन यायच्या. आम्ही त्यांना नाचणी द्यायचो, त्या आम्हाला बोंबील आणि सुकट द्यायच्या. आई मला पुढं करायची, कारण मी लहान होते आणि माझा आवाज मोठा होता. माप भरलं की मी त्या मापावर हात ठेवून म्हणायचे, "वर घाल." बाई मूठभर घालायची. मी म्हणायचे, "अजून." एकदा एक म्हातारी हसून आईला म्हणाली, "बाय, ह्या पोरीला सांभाळ गं, उद्या घाट मागल वर म्हणून." त्या सुकटीचा वास पावसाळाभर आमच्या घरात असायचा. बाहेर धुकं, दाराशी बांधलेल्या शेळ्या, आणि चुलीवर भाजलेल्या बोंबलाचा वास. नाचणीची भाकरी, तो बोंबील आणि वर खड्याचं मीठ चुरून घातलेली मिरची. त्या जेवणाला आजही माझ्या जिभेवर तोड नाही. डॉक्टरांनी त्यातलं निम्मं बंद करायला सांगितलं आहे, पण आठवायला बंदी घातलेली नाही.

लग्न होऊन मी खाली विंझरला आले तेव्हा मला फक्त नाचणीची भाकरी यायची. इकडं तांदळाची करत. तांदळाच्या पिठाची उकड काढावी लागते, आणि ती नीट मळली नाही तर भाकरीच्या कडा फाटतात. माझ्या सगळ्या फाटायच्या. सासूबाई काही बोलायच्या नाहीत, फक्त ती फाटकी भाकरी उचलून उजेडाकडं धरायच्या आणि तिच्यातून अंगण बघायच्या. मी रागानं अजून जोरात थापायचे.

त्या वर्षी आक्का बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. त्यांचं सासर मार्गासनी, म्हणजे हाकेच्या अंतरावर. पोट पुढं आलेलं असताना त्या माझ्या शेजारी बसल्या, माझा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगं, मारतीस कशाला पिठाला? त्यानं काय केलंय तुझं? नुसतं फिरव. आपलं आपण मोठं व्हतंय."

त्यांचा उजवा हात थापायचा आणि डावा हात भाकरीला कडेनं असा काही हलका ढकलायचा की ती परातीत आपोआप गरगर फिरायची. मी ते बघत राहायचे. माझ्या आईनंही मला इतक्या मायेनं काही शिकवलं नव्हतं. आईकडं तेवढा वेळच नव्हता. आठ-दहा दिवसांत माझी भाकरी सासूबाईंनी उजेडाकडं धरली तर पलीकडलं काही दिसेना. आक्का पदराआड हसल्या. पुढं त्यांचे मालक गेले, पोरं मोठी झाली, सून आली, पण आमच्या दोघींचं कधी बिनसलं नाही. माझं सगळ्यांशी बिनसतं. आक्कांशी नाही.

म्हणून हा राग इतका आहे, हे आता ध्यानात येईल.

सोयाबीन आमच्याकडं आलं ते विकायचं पीक म्हणून. भोरकडचे शेतकरी करतात, मळणी झाली की गोणी भरायची आणि बाजार दाखवायचा. ते घरात शिजवायचं कुणाच्या मनातही येत नाही. घरात खायला वाल, मसूर, उडीद. दुकानात पाकिटात सोयाबीनच्या वड्या मिळतात, त्या ह्याच दाण्यापासून होतात हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं, आणि मी स्वतः ते दाणे गोणीगोणीनं घेत-विकत होते. गिरणीच्या कोपऱ्यात माझ्याकडं सोयाबीन कायम असायचं.

एका सकाळी गिरणीच्या दगडाला टाकी मारताना ह्यांना चक्कर आली. दगड गुळगुळीत झाला की त्यावर छिन्नीनं बारीक खाचा पाडाव्या लागतात, नाहीतर पीठ बारीक येत नाही. हे खाली बसले ते उठेनात. टेम्पोत घालून नसरापूरला नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं दंडाला पट्टा बांधून फुगवला, दोनदा बघितलं आणि गोळी लिहून दिली.

"किती दिस घ्यायची?" मी विचारलं.

"रोज एक, सकाळी."

"रोज कळलं. किती दिस?"

"मावशी, ही बंद करायची नसते."

"मंजे गिऱ्हाईक कायमचं बांधलं म्हणा की!"

डॉक्टर हसला. मी हसले नाही. आमच्या वाडीवर एखाद्याला रोजची गोळी लागली की त्याचं नाव माणसांत धरत नसत. चुलत्याला अशीच गोळी लागली होती. बायका त्याच्याबद्दल दबक्या आवाजात बोलायच्या, आणि दोन दिवाळ्यांत तो गेला. गोळीनं गेला की दुखण्यानं, हे कुणी विचारलं नाही. मला त्या खुर्चीत बसून तेच दिसत होतं, आणि मला भीती वाटली की मी भांडते.

डॉक्टर सांगत होता ते मी ऐकत होते. मीठ कमी. लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. चालायला जा. मटण आणि तळलेलं कमी करून त्याऐवजी कडधान्यं, डाळी, सोयाबीन खा, त्यानं काही जणांचं प्रेशर थोडं उतरतं.

"सोयाबीनानं उतरतं?"

"काहींचं. थोडं. गोळीबरोबर."

गोणी माझ्या गिरणीत होत्या. मी घरी आले आणि गोळ्यांचं पाकीट चुलीत घातलं. "ह्या घरात रोजची गोळी न्हाई," मी म्हणाले. "आजपास्नं तुमी सोयाबीन खायचं." हे दारात उभे होते. चुलीकडं बघून म्हणाले, "बरं."

चाळीस वर्षांत ह्यांचं माझ्याशी बोलणं म्हणजे एवढंच. बरं. व्हय. बघू. मशीनजवळ आयुष्य गेलं की माणूस कमी बोलतो, असं मला वाटायचं.

मग मी सोयाबीनच्या मागं लागले, आणि कशाच्या मागं लागले की मी सोडत नाही. कच्चं दळलं तर पिठाला हिरवट, कडवट वास येतो, म्हणून मी ते आधी खरपूस भाजायला लागले. ज्वारीत थोडं, नाचणीत थोडं, गव्हात थोडं. किती घातलं म्हणजे भाकरी तुटत नाही हे मी रोज करून बघितलं. वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, मटणाच्या वाटणात केल्या. मोड आणले, उसळ केली. घरातलं लोणचं शेजारी देऊन टाकलं. मीठ कमी केलं. ह्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

त्या दिवसांच्या सकाळी मला फार आठवतात. आमच्या घरात सासूबाईंच्या वेळेपासून रीत आहे. पहिल्या भाकरीतला घास गाईला, आणि तो घरच्या कर्त्या पुरुषानं आपल्या हातानं नेऊन द्यायचा, मगच त्यानं खायचं. मी तव्यावरची पहिली भाकरी काढली की हे ती हातात घ्यायचे, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, आणि गोठ्याकडं जायचे. गाय हात चाटते, म्हणून हात धुवायला तांब्या, असं मी धरून चालले होते. दारातून मला त्यांची पाठ दिसायची. जरा वाकलेली, पण स्थिर. चक्कर नाही, धाप नाही. चुलीपुढं बसून मी ती पाठ बघायचे आणि मनात म्हणायचे, ही मी राखली.

तीन-चार महिन्यांनी आरोग्य केंद्राच्या नर्सबाई गावात फिरत आल्या. गिरणीतच ह्यांना स्टुलावर बसवून प्रेशर बघितलं. "एकदम छान आहे काकांचं."

"सोयाबीन!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गोळी न्हाई, काई न्हाई."

नर्सबाईंनी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी नर्सबाईंकडं बघितलं. नर्सबाई खाली वाकून मशीन पिशवीत भरायला लागल्या. हे मला तेव्हा दिसलं होतं. पण दळणाला आलेल्या पाच-सहा बाया एकदम बोलायला लागल्या, आणि माझं लक्ष तिकडं गेलं.

तिथून गिरणीत ज्याला त्याला सोयाबीन पाहिजे झालं. "काकू, माझ्या दळणात टाका मूठभर, आमच्या सासऱ्याचं डोकं सारखं गरम असतं." दुसरी म्हणाली, "अगं, त्यांचं डोकं तुझ्यामुळं गरम हाय. पीठ काय करंल?" वरच्या वाडीचा एक धनगर म्हातारा घोंगडी सावरत विचारायला लागला, "बोकडाला घातलं तर चालंल का? लई रागीट झालंय." मी म्हणाले, "चालंल की. पर बोकड गरीब झालं तर माज्या नावानं ओरडू नगा." सगळी गिरण हसली. मशीनजवळ हेही हसले. मी कुणाला गोळी सोडा असं सांगितलेलं नाही. मी फक्त आमच्या ह्यांचं उदाहरण दिलं. ते उदाहरण खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे गिरणीत एकाच माणसाला माहीत होतं.

आता ती भाऊबीज सांगते.

भाऊबीजेला हे दर वर्षी मार्गासनीला आक्कांकडं जातात, मी बरोबर असते. आक्कांनी पाट मांडला, रांगोळी घातली, ह्यांना ओवाळलं. मग ताट आलं. ताटात सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा होता, माझ्याकडूनच ऐकून केलेला. आक्का पाटासमोर बसल्या. त्यांनाही प्रेशर होतं, त्यांचीही गोळी चालू होती.

"भावड्या," त्या म्हणाल्या, "खरं सांग. गोळी पार सोडलीस?"

ह्यांच्या तोंडात घास होता.

"आजाबात घेत न्हाईस? कवातरी एकादी?"

मी मागं उभी होते. मी म्हणाले, "आक्का, तुमी इचारताय काय? मशीननं सांगितलंय."

"तू गप. तुला न्हाई इचारलं. भावाला इचारलंय म्या."

ह्यांनी मान हलवली. वरून खाली, सावकाश, जशी होकाराला हलवतात तशी. आक्कांनी दिव्याच्या ताटाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "मग म्या बी सोडते. लई कटाळा आलाय त्या गोळ्यांचा. त्वांड कोरडं पडतं." ह्यांनी दुसरा घास घेतला. मला ते चित्र लख्ख आठवतं, कारण त्या क्षणी मी फार आनंदात होते. माझी दोन माणसं, दोघं माझ्या पिठावर, दोघं बरी.

पुढचा पावसाळा आला. भातलावणीच्या दिवसांत आक्का शेतावर जेवण घेऊन निघाल्या होत्या. बांधावर त्यांच्या डोक्यावरची पाटी घसरली. सून म्हणाली, पाटी पडली आणि आत्या ती धरायला हातच उचलेनात. बोलायला गेल्या तर शब्द ओघळल्यासारखे यायला लागले. सुनेचा फोन आला तेव्हा मी गिरणीत होते. आम्ही दोघं टेम्पोनं मार्गासनीला, तिथून आक्कांना घेऊन नसरापूरला. वाटेत आक्कांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्या काहीतरी सांगत होत्या, मला कळत नव्हतं. मी नुसतं "व्हय, व्हय" म्हणत होते.

डॉक्टर तोच. त्यानं प्रेशर बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. आत इलाज सुरू झाला. थोड्या वेळानं त्यानं आम्हाला टेबलापाशी बोलावलं. "ह्यांच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

सून म्हणाली, "बंद केल्यात. दिवाळीपास्नं. सोयाबीन खातात."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

मी पुढं झाले. "कुणी सांगायला कशाला पायजे? आमच्या ह्यांचं उतरलं की! हे काय, उभं हायती तुमच्या म्होरं. गोळीबिगर. तुमीच म्हणाला हुता सोयाबीन खा."

"मी गोळीबरोबर म्हटलं होतं, मावशी."

"मग ह्यांचं कसं उतरलं? सांगा! ह्यांचं कसं—"

पट्टा सुटलाच होता. बाहेर बाकावरची माणसं आत बघायला लागली. तेव्हा हे माझ्या बाजूनं पुढं आले. सदऱ्याच्या आत घालायच्या बंडीच्या खिशात हात घातला आणि गोळ्यांचं पाकीट काढून डॉक्टरच्या टेबलावर ठेवलं. निम्म्या गोळ्या संपलेल्या. 

मला आधी समजेनाच. मला वाटलं, ह्या आक्कांच्या गोळ्या. मग मी पाकीट उचललं. मी चुलीत घातलं होतं तसंच, त्याच रंगाचं.

डॉक्टरनं आम्हाला बसवलं. राग न करता, सावकाश सांगितलं. सोयाबीन वाईट नाही, चांगलंच आहे. त्यात प्रथिनं आहेत, तंतू आहेत, आणखी काही गुणकारी गोष्टी आहेत, आणि नेमानं खाल्लं तर काहींचं प्रेशर थोडं खाली येतं. पण थोडंच, सावकाश, आणि सगळ्यांचं येतंच असं नाही. तेही मटण, खारं, तळलेलं काढून त्या जागी खाल्लं तर. वरून वाढवून खाल्लं तर नाही. गोळीचं काम गोळीच करते. ती मनानं सोडली की प्रेशर उसळू शकतं. मग त्यानं सुनेला विचारलं, "आजी सोयाबीन कशा खायच्या?"

आणि सुनेनं जे सांगितलं ते ऐकून मी डोक्याला हात लावला. सोयाबीनला चव नाही म्हणून आक्का दाणे मिठाच्या पाण्यात भिजवून, फुटाण्यासारखे भाजून, दिवसभर तोंडात टाकायच्या. वड्यांचा रस्सा मुळमुळीत लागतो म्हणून त्यात मूठभर सुकट घालायच्या. सोयाबीन आहे म्हणजे आता बाकी सगळं चालतं, असं त्यांनी धरलं होतं. ही चूक दुसऱ्या मुलखातल्या माणसाकडून झाली नसती. सुकट घातली की कशालाही चव येते, हे आमच्या जिभेवर लहानपणापासून लिहिलेलं आहे. मीही तेच खाऊन वाढले.

आक्का वाचल्या. बोलणं परत आलं. चालतात, काठी घेऊन. डावा हात तेवढा आला नाही.

घरी आल्यावर मी थेट गोठ्यात गेले, कारण रोज सकाळी हे तांब्या घेऊन एकटे जायचे ते तिथंच. गाईच्या वर भिंतीत एक कोनाडा आहे, तिथं तिची जुनी घंटा ठेवलेली असते. घंटा उचलली तर मागं रिकाम्या पाकिटांची चळत. रोज सकाळी, गाईच्या घासाच्या आडून, तांब्यातल्या पाण्याबरोबर. आणि भाकरीतली बरीचशी गाईच्या तोंडात जात होती हेही गाईकडं बघून तेव्हाच ध्यानात आलं. त्या वर्षी गाईचं अंग आरशासारखं चकाकत होतं. बाजारात लोक विचारायचे, काय घालता. मी अभिमानानं पेंड सांगायचे.

हे मागं येऊन उभे राहिले.

"कुणी दिल्या?"

"नर्सबाईंनी. केंद्रावर मिळतात."

"त्यांना काय सांगितलंत?"

"तुला सांगू नगा म्हन्लं."

"का?"

"तुज्या रागाला भ्यालो." मग गाईच्या मानेवर हात फिरवत म्हणाले, "आणि तू लई खुशीत हुतीस."

 त्या सगळ्या सकाळी एकदम डोळ्यांपुढून गेल्या. दारातून दिसणारी पाठ, हातातली भाकरी, तांब्या. ती पाठ मी राखली असं मी म्हणत होते, आणि ती त्या वेळी माझ्याकडं फिरवलेली होती. माझ्या आयुष्यातला चांगला काळ कोणता असं कुणी विचारलं असतं तर मी तेच दिवस सांगितले असते. आता ते आठवायला गेलं की आधी कोनाडा दिसतो. हेही ह्यांनी माझं घेतलं. आणि तरी सांगते, त्या सकाळी मला परत पाहिजेत. तव्यावरची वाफ, गोठ्यातला घंटेचा आवाज, आणि काहीच माहीत नसलेली मी.

सोयाबीन मी अजून दळते. भाजून, ओंजळभर, ज्वारीत. खोटं नाही ते, मग टाकू कशाला? पण दळणाला आलेल्या बाईनं प्रेशरचं नाव काढलं की तिला आधी विचारते, गोळी चालू आहे का. चालू असेल तर पीठ. बंद केली असेल तर आधी केंद्रावर जा, मग माझ्याकडं ये. नर्सबाईंशीही मी भांडून घेतलं. त्या म्हणाल्या, "पेशंटनं सांगू नका म्हटलं तर मी कशी सांगणार, काकू?" त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. मी तिथं भाव सोडला. ह्यांच्या बाबतीत सोडणार नाही.

कारण आक्कांना अजून काही माहीत नाही.

आठवड्यातून एक-दोनदा मी मार्गासनीला जाते, त्यांच्या चुलीपुढं बसून भाकरी करते. सून करते, पण आक्कांना माझ्या हातची लागते, म्हणजे त्यांच्याच हातची. परवा मी थापत होते, राग मनात होता, हात जोरात पडत होता. आक्का भिंतीला टेकून म्हणाल्या, "अगं, मारतीस कशाला पिठाला? त्यानं काय केलंय तुझं?" मी मान वर केली नाही. मग आपल्या डाव्या हाताकडं बघून म्हणाल्या, "एकेकाचं रगत असतं बग. भावड्याला लागू पडलं सोयाबीन. माझ्या नशिबात न्हाई. माझी जीभच खारी."

त्या स्वतःला दोष देतात. नशिबाला देतात, जिभेला देतात. ज्या भावानं पाटावर बसून मान हलवली, त्याला ओवाळायला ह्या वर्षीही ताट तयार करतील, एका हातानं.

मी सांगू शकते. दवाखान्यात टेबलापाशी होती ती सूनही सांगू शकते, पण तिला मीच थांबवलं आहे. पण विचारलं होतं ते मला नाही. "तू गप, भावाला इचारलंय म्या," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि उत्तर त्याच तोंडातून यायला हवं. ह्यांना मी हे सांगितलं. ह्यांनी "बघू" म्हटलं. चाळीस वर्षं मी हे "बघू" घेत आले. ह्या वेळी घेत नाही.

तर अहो, हे तुम्ही वाचाल म्हणूनच लिहिलं आहे, तोंडी सांगितलं की तुम्ही गोठ्यात जाता. माझ्या रागाला भ्यालात, मान्य. मला सांगितलं नाहीत, तेही मी गिळते. पण आक्कांचा कुठला राग होता? विंझरहून मार्गासनीला माझ्याशिवाय तुम्हाला कधी जाता आलं नाही का? दिवाळीपासून लावणीपर्यंत एकदा, बांधावर, एस्टीच्या थांब्यावर, कुठंही बहिणीला बाजूला घेऊन, "आक्का, मी गोळी घेतो, तू पण घे," एवढं म्हणायला तुमचं तोंड कुणी धरलं होतं? पाट मांडायला आता थोडे दिवस राहिलेत. आक्का ओवाळतील, ताट पुढं ठेवतील. घास उचलायच्या आधी तुम्ही त्यांच्या तोंडाकडं बघून सांगायचं, मान न हलवता, शब्दांत. मी मागं उभी राहीन आणि गप्प राहीन. बोला, तेव्हा तुमची मान का हलली?